चुकलंय

पेट्रोनाच्या हॉटेलाचा जीएसटी मी भरते.
फी म्हणून बुधवारी आणि शुक्रवारी दुपारचं जेवण,
शिवाय कोपऱ्यातलं टेबल,
ज्याच्या एका पायाखाली मागच्या वर्षीच्या बिलांची घडी आहे.

कलिन्यात, पिठाच्या गिरणीला लागून, सहा टेबलं.
भिंत हिरवी, मग पिवळी,
मग रंग संपला तिथून सिमेंटची.
नवरा ऑल्विन मिरांडा, बोटीवर फिटर,
वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने गल्ल्यावर.
ती किंग्स्टनची. मराठी शिकली सासूकडून आणि कोळणीकडून,
म्हणून भांडताना बिनचूक बोलते,
लाडात बोलताना अडखळते.

नवीन गिऱ्हाईक घड्याळ बघतं. किती वेळ?
"आलेच," आतून.
निऱ्या अजून हातात असताना
दारातल्या माणसाला आपण देतो ना, तेच आलेच.
चाळीस मिनिटं कुठे गेली नाहीत.
दारावर पाटीच आहे:
घाई असेल तर समोर वडापाव मिळतो.

घाटकोपरचं शहा कुटुंब आलं, पाचजण.
जर्क कशाकशात मिळेल, कांदा-लसूण न घालता?
तिने कच्ची केळी मसाल्यात लोळवून निखाऱ्यावर धरली.
आजोबांच्या डोळ्यांना धार लागली.
"तिखट कमी सांगितलं होतं," सून म्हणाली.
"कमीच आहे," पेट्रोना म्हणाली, आणि ते खरं होतं.
आजोबांनी डोळे पुसत दुसरी प्लेट मागवली.

एका कॉलेजच्या पोराला मैत्रिणीसमोर
मेनूतलं एक नाव धड उच्चारता येईना.
शेवटी रुबाबात बोट ठेवलं,
ते नेमकं छापखान्याच्या फोन नंबरवर.
ती परत आली नाही. तो येतो.

मीही पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं.
कलालू म्हणून जे आलं तो निघाला माठ.
लाल सरबत अंबाडीच्या बोंडांचं.
भाजलेला नीरफणस थेट वसईच्या मावशीच्या परसातला.
मी म्हटलं, अगं, हे तर आमचंच.
"सगळे तेच म्हणतात, टॅक्सबाई," ती म्हणाली,
"बिल मात्र माझं."

आणि शुक्रवारी, नमाज झाल्यावर, इस्माईल परकार.
एकोणऐंशी साली त्यांची बोट किंग्स्टनला लागली,
किनाऱ्यावर उतरायला मिळाले सहा तास.
रस्त्याकडेला एका बाईने पत्र्याच्या ताटलीत
बोकडाचं मटण वाढलं होतं.
तेव्हा वय बावीस.

इथला पहिला घास गिळून म्हणाले, "चुकलंय."
काय चुकलंय?
"ते नाही सांगता येत."
ताटली मात्र भाताच्या शेवटच्या शितापर्यंत पुसली.

तीन वर्षं, दर शुक्रवारी.
तिने मिरची बदलली, विस्तव मंद केला,
बोकड कालिनाऐवजी कुर्ल्याहून आणला,
भावाकडून पिमेंटोचे दाणे मागवले
(ते कुरिअर मी खर्चात दाखवलंय).
चुकलंय.

परवाच्या शुक्रवारी ते जेवले आणि गप्प बसून राहिले.
ती हात पुसत बाहेर आली,
जे ती कुणासाठी करत नाही.
"काका, बरं नाही का?"

त्यांनी पाणी संपवलं. पेला पालथा घातला.
"तिथलं आता आठवतच नाही गं.
आठवायला गेलो की
तुझंच लागतं जिभेला."

गिरणीचा पट्टा फटफटत होता.
पेट्रोनाने माझ्याकडे पाहिलं, बिल घेऊ की नको?
मी म्हटलं, घे.
तिने घेतलं, सुट्टे परत द्यायला विसरली.

दारापाशी चपला शोधता शोधता
परकार वळले.
"मीठ चुकलंय हां आज."

ती तरातरा आत गेली.
पातेल्यातून बोटभर रस्सा घेऊन चाटला.
मलाही चाटवला.
मीठ बरोबर होतं.